घोडबंदरला फ्लॅट घ्यावा की भाड्यानेच राहावं?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: दोघांची नोकरी ऐरोलीत, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीत २२ हजार भाड्याचा वन बीएचके, त्याच कॉम्प्लेक्समध्ये तसाच रेडी फ्लॅट ७५ लाखांना मिळतोय, हाताशी २५ लाख आहेत आणि घरचे म्हणतायत, "भाड्याचे पैसे पाण्यात कशाला घालता?"

घरच्यांचं अर्धंच खरं आहे. भाडं परत येत नाही, तसं व्याजही येत नाही. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास बसेल. पहिल्या वर्षी सव्वासहा लाख भराल आणि त्यातलं मुद्दल फिटेल जेमतेम १ लाख २० हजार. बाकीचे पाच लाख बँकेचे. आत्ता मालक भरतो तो मेंटेनन्स तुमच्या डोक्यावर येईल, महिना चार हजार धरू. शिवाय खिशातले साडेवीस लाख (फ्लॅटचे उरलेले १५, बाकी मुद्रांक आणि नोंदणी) अडकतील, त्यांचं एफडीचं व्याज सहा टक्क्यांनी धरलं तरी सव्वा लाख बुडालं. झाले वर्षाचे पावणेसात लाख, आणि समोर भाडं २ लाख ६४ हजार. म्हणजे फ्लॅटचा भाव वर्षाला साडेपाच टक्के वाढला, तर कुठे पहिल्या वर्षी बरोबरी होते.

पुढे भाडं वाढत जातं, व्याज कमी होत जातं आणि पारडं घेणाऱ्याकडे झुकतं, हे मान्य. पण त्याला वेळ लागतो. ठाण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, वर नोंदणीचे ३० हजार. बँक हे कर्जात धरत नाही, स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. (फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतलात तर एक टक्का सुटतो. ७५ हजार काही थोडे नाहीत.) तीन-चार वर्षांत नोकरी बदलून पुण्याला जायची शक्यता असेल, तर हे पैसे गेलेच म्हणून समजा. सात-आठ वर्षं इथून हलणार नसाल तरच घ्यायचा विचार करा.

टॅक्स वाचतो म्हणून घ्या, असं एजंट सांगेलच. त्याला आधी विचारा, कुठल्या रिजीममध्ये? नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर ती दोन लाखांची वजावट मिळत नाही.

माझं मत विचाराल तर आणखी एक उन्हाळा भाड्याने काढा. घोडबंदरच्या कॉम्प्लेक्सची खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये होते. गेटवरच्या वॉचमनची वही बघा, दिवसाला पाण्याचे किती टँकर आत येतात ते त्यात लिहिलेलं असतं. ते बिल मेंटेनन्समध्येच येतं, मालक भरतोय म्हणून तुम्हाला अजून कळलेलं नाही. लिफ्टशेजारच्या बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागते, तीही वाचा. कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर ओसी (इमारतीत राहायला पालिकेचा दाखला) आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, ते विचारा. ओसी नसेल तर विषय तिथेच संपला. कापूरबावडीच्या ट्रॅफिकबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, रोज भोगताय.

मात्र एक अट. हप्ता अधिक मेंटेनन्स आणि भाडं यातला फरक महिन्याला ३४ हजार पडतो. तो दर महिन्याला बाजूला पडलाच पाहिजे, एसआयपीत टाका नाहीतर आरडीत. दर दिवाळीला नवा फोन नि मे महिन्यात सिमला-मनाली असं चालू असेल, तर सरळ फ्लॅट घ्या. काही माणसांची बचत बँकेने खात्यातून हप्ता ओढला तरच होते, माझ्या ओळखीत असे पुष्कळ आहेत. पण घेण्याआधी एकाच पगारावर हप्ता आणि घर चालतं का ते तपासा. मूल झालं की वर्षभर तशी वेळ येऊ शकते.

भाड्यानेच राहिलात तर यंदा ११ महिन्यांचा कागद आपोआप पुढे ढकलू नका. एकदम ३३ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करा आणि दर वर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येणार नाही तो काळ, दोघांनाही सारखा हवा, नाहीतर मालकाला जादा भाड्याचं गिऱ्हाईक मिळालं की तुम्हाला महिन्याची नोटीस. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटमुळे किंचित वर जाईल. मालक नोंदणीला टाळाटाळ करत असेल तर कायद्याने ती जबाबदारी त्याचीच आहे, हे त्याला गोडीत सांगा.