त्यांचं नाव नीट घ्या

तुम्ही विचारलंय की ड्युटीवर असताना जीव गेलेल्या पोलिसांसाठी सामान्य माणसाने काय करावं, आणि दर २६ नोव्हेंबरला स्टेटस ठेवण्यापलीकडे काही करता येतं का. माझं उत्तर एवढंच आहे: एक नाव शोधा आणि ते मोठ्याने, नीट उच्चारा. हे फार थोडं वाटेल, म्हणून ते कुठून आलं तेही सांगते.

मी पोलीस लाइनीत, म्हणजे पोलिसांच्या वसाहतीत, वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, शिपाई म्हणून भरती झाले आणि एएसआय, म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक, म्हणून निवृत्त झाले. मी नववीत असताना आमच्या शेजारच्या खोलीतले काका गेले. महामार्गावर रात्रीची नाकाबंदी होती. त्यांनी एका ट्रकला थांबायला हात केला आणि ट्रक थांबला नाही.

पुढच्या २१ ऑक्टोबरला काकूंना मुख्यालयाच्या मैदानावर बोलावणं आलं. तो पोलीस हुतात्मा दिन. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्य बजावताना गेलेल्या पोलिसांची नावं त्या दिवशी वाचली जातात. कधी दोनशे, कधी तीनशे, कधी त्याहून जास्त. पहिल्या रांगेत घरच्यांच्या खुर्च्या असतात. शोक शस्त्रचा हुकूम होतो, रायफली उलट्या होतात, नळी बुटाच्या टोकाशी येते, माना खाली जातात. मग बिगुल. त्या सुरात असं काहीतरी आहे की लाइनीतली आगाऊ पोरंसुद्धा गप्प व्हायची.

त्या दिवशी यादी वाचणाऱ्या साहेबांकडून काकांचं आडनाव चुकलं. यादी इंग्रजीत होती, त्यामुळे 'ढ'चा 'ध' झाला. काकू खुर्चीतून अर्धवट उठल्या, आपल्या मुलाकडे बघितलं आणि परत बसल्या. साहेबांची त्यात काही चूक नव्हती, त्यांच्या हातात जे आलं ते त्यांनी वाचलं. पण नाना घरी येऊन जेवले नाहीत. आईला म्हणाले, "आयुष्यभर आम्हाला बक्कल नंबराने हाक मारतात. हा एक दिवस नावाने मारतात. तेवढं तरी नीट यायला नको?" बक्कल नंबर म्हणजे गणवेशाच्या बिल्ल्यावरचा नंबर.

नंतर मुख्यालयात बदली झाल्यावर त्यांनी स्वतःहून ते काम मागून घेतलं. खरं तर वाचन अधिकाऱ्यांनी करायचं असतं, पण यादी लांबलचक असल्यामुळे आमच्याकडे ती दोघा-तिघांत वाटून घेत, आणि नानांचा आवाज खणखणीत होता. यादीची झेरॉक्स हातात पडली की ते शंभर पानी वहीत एकेक नाव देवनागरीत उतरवून काढायचे. स्पेलिंगवरून 'त' की 'ट', 'द' की 'ड', 'न' की 'ण' हे कळत नाही. आपल्याकडच्या 'राठोड'ला कोणी 'राठोद' म्हटलं तर आपल्याला जसं लागेल तसंच तमिळनाडूतल्या, झारखंडमधल्या माणसालाही लागणार, असं ते म्हणायचे. दक्षिणेकडची नावं घेऊन ते स्टँडसमोरच्या उडपी हॉटेलात जायचे. बिहार, झारखंडच्या नावांसाठी लाइनीमागे राहणारे एक माजी फौजी होते. २० तारखेच्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात ती नावं चालू असायची. आई भाकऱ्या थापायची, नाना वाचायचे, आणि ते कुठे अडखळले की मी वहीत पेन्सिलने खूण करायची.

आता २१ ऑक्टोबरच का, ते सांगते, कारण पुष्कळ पोलिसांच्या मुलांनाही ते माहीत नसतं. १९५९ साली लडाखमध्ये, पंधरा हजार फुटांहून उंचावर, हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी आपल्या पोलिसांचं ठाणं होतं. तेव्हा ती सीमा पोलीस सांभाळायचे. २० ऑक्टोबरला तिथून टेहळणीला तीन तुकड्या निघाल्या. दोन परत आल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल आले नाहीत. दुसऱ्या दिवशी करम सिंग नावाचे अधिकारी वीसेक माणसं घेऊन त्यांना शोधायला गेले आणि टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. दहा पोलीस गेले, काही जखमी होऊन पकडले गेले. मृतदेह मिळाले ते थेट १३ नोव्हेंबरला, आणि तिथेच हॉट स्प्रिंग्जला पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले. जानेवारी १९६० मध्ये देशभरच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस पाळायचा ठराव झाला. वेगवेगळ्या राज्यांतल्या पोलिसांची तुकडी दरवर्षी तिथवर चढून जाऊन मानवंदना देते. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की ते दहा जण आपल्या हरवलेल्या तीन माणसांना शोधायला निघाले होते.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचं उद्घाटन झालं. मध्यभागी तीस फूट उंचीची काळ्या ग्रॅनाइटची एकसंध शिळा आहे, पण मला सांगायचंय ते भिंतीबद्दल. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं तिच्यावर कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती चौतीस हजारांच्या वर होती. दिल्लीला सहल काढली की आपण लाल किल्ला, कुतुबमिनार करून परत येतो. अर्धा तास काढून इथेही जा. मी गेले तेव्हा काकांचं नाव शोधलं, बोट ठेवून बघितलं.

'हुतात्मा' या शब्दाबद्दल माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती इथेच सांगून टाकते. मराठी माणसाला हुतात्मा म्हटलं की मुंबईतला हुतात्मा चौक आठवतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी पोलिसांच्या गोळीने. एकाच शब्दाने दोघांना मान दिला जातो हे बघून माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "मॅडम, मग पोलीस चांगले का वाईट?" मी त्याला सांगितलं की गणवेशाच्या नावावर झालेला अन्याय विसरायचा नाही, आणि गणवेशात गेलेल्या माणसाला विसरायचं नाही. दोन्ही लक्षात ठेवायला डोक्यात जागा आहे. ज्यांना पोलिसांचा वाईट अनुभव आला असेल त्यांनी तो गिळून इथे हात जोडावेत, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

तुमच्या प्रश्नात २६ नोव्हेंबर आहे, म्हणून तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातलं केडंबे त्यांचं गाव. लष्करातली नोकरी करून मग मुंबई पोलिसात आले. डी. बी. मार्ग ठाण्यात एएसआय होते, म्हणजे नानांच्याच हुद्द्याचे. त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांच्या हातात फक्त लाठी होती. अतिरेक्यांची गाडी अडली, झटापट झाली, आणि कसाबच्या रायफलीची नळी ओंबळ्यांनी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, पण हात सुटला नाही. मागच्या सहकाऱ्यांना तेवढा वेळ मिळाला म्हणून कसाब जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला, म्हणून हे कोणी पाठवलं ते जगाला दाखवता आलं. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळा आहे. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. शास्त्राच्या पुस्तकात एकदा गेलेलं नाव सहसा पुसलं जात नाही.

करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ही नावं तुम्हाला पाठ असतील. आता त्याच हल्ल्यात गेलेल्यांची ही नावं वाचा, आणि मनातल्या मनात नको, आवाज काढून वाचा. शशांक शिंदे. प्रकाश मोरे. बापूसाहेब दुरगुडे. बाळासाहेब भोसले. अरुण चित्ते. जयवंत पाटील. योगेश पाटील. अंबादास पवार. विजय खांडेकर. राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे. रेल्वे सुरक्षा दलाचे मुरलीधर चौधरी. होमगार्ड मुकेश जाधव. राहुल शिंदे माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचे. गावकऱ्यांनी आपल्या गावालाच राहुलनगर नाव दिलं. गावाने कसा मान द्यावा असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

आणि मुंबईच्या बाहेर बघा. गडचिरोलीत ८ ऑक्टोबर २००९ ला लाहेरीजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात सतरा पोलीस गेले, विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर होतं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या खाजगी गाडीचा चालक गेला. आपण त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरी होतो. तो चालक पोलीस नव्हता, त्याला बक्कल नंबरही नव्हता. पोलिसांना तिथवर घेऊन गेला, एवढंच. सन्मानाच्या गोष्टी करताना मला तो हटकून आठवतो. तसेच कोरोनातले. आपल्या राज्यात त्या काळात तीनशेहून जास्त पोलीस गेले. कोणी गोळी झाडली नव्हती, पण चौकात उभं राहायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

घरच्यांचं काय, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. काकूंचं मी जवळून बघितलंय. काका गेल्यावर काकूंच्या हातात कायम एक कापडी पिशवी असायची. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, पंचनाम्याची नक्कल, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. एका कार्यालयात मी त्यांच्याबरोबर गेले होते. काकूंनी काकांचं नाव सांगितलं. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बक्कल नंबर?" काकूंना तो आठवेना. चौदा वर्षं ज्या शर्टाला इस्त्री केली त्याच्यावरचा नंबर त्यांना त्या क्षणी आठवेना, आणि त्या रडायला लागल्या. क्वार्टर कधी सोडताय, ही विचारणा तर महिन्याभरात आली होती. अनुकंपावर मुलाला नोकरी लागेपर्यंत सहा वर्षं गेली. तो सज्ञान व्हायचा होता हे खरं, पण त्यानंतरही कागद फिरतच होते.

त्या सगळ्यात काकूंना खरा आधार झाला तो गल्लीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांचा. दर शनिवारी ते यायचे, अर्ज लिहून द्यायचे, कुठला कागद कुठे द्यायचा ते सांगायचे, पोच घ्यायला विसरू नका म्हणून बजावायचे. त्यांनी काकूंना कधी वीरपत्नी वगैरे म्हटलं नाही. तुमच्या भागात असं घर असेल तर हे करा. मुलांची शिकवणी घ्या, अर्ज भरायला बसा, दिवाळीला नुसतं जाऊन या. पहिल्या वर्षी सगळे जातात, तुम्ही पाचव्या वर्षी जा. केंद्रीय पोलीस दलांतल्या जवानांच्या घरच्यांना थेट पैसे द्यायचे असतील तर गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' नावाचं पोर्टल आहे, २०१७ पासून.

आणि २१ ऑक्टोबरला सकाळी तुमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयात जा. आधी एकदा चौकशी करा, बहुधा आठच्या सुमाराला असतं. आमच्याकडे बाहेरच्या माणसाला कधी अडवलेलं मी बघितलं नाही. अडचण असते ती माणसं येत नाहीत ही. मंडपात अधिकारी, घरचे लोक आणि एखाद्या शाळेची मुलं असतात, मागच्या खुर्च्या रिकाम्या.

एका वर्षी त्या रिकाम्या खुर्च्यांत एक बाई बसली होती. यादीत मणिपूरच्या एका शिपायाचं नाव होतं आणि ते नानांना काही केल्या जमेना. शेवटी त्यांना कोणीतरी सांगितलं की सरकारी दवाखान्यात तिकडची एक नर्स आहे. नाना वही घेऊन गेले, मीही बरोबर होते. तिने कागद बघितला आणि विचारलं, "ये कौन है?" नाना म्हणाले, "आपके यहाँ का पुलिसवाला था. कल उसका नाम लेना है, गलत नहीं होना चाहिए." तिने ते नाव सावकाश तीनदा म्हणून दाखवलं. नानांनी तीनदा म्हटलं. दुसऱ्यांदा तिने मान हलवली आणि एक अक्षर सुधारलं. मग पेन मागून घेऊन, नानांच्या देवनागरी अक्षरांशेजारी तिने ते नाव तिच्या लिपीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती रात्रपाळी संपवून तशीच मैदानावर आली होती. ते नाव चौथ्या पानावर होतं. नाना तिथवर आले, क्षणभर थांबले आणि त्यांनी ते घेतलं. ती उठून उभी राहिली आणि यादी संपेपर्यंत उभीच राहिली.

ती वही आता माझ्याकडे आहे.