रेडिएटरची नळी माझ्याच हातून तुटली, पुट्टी लावून गाडी चालेल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 2004 ची सँट्रो. होज पाइप (रेडिएटरच्या नळीवर बसणारा रबरी पाइप) बदलायला घेतला, जुना पाइप निघेना, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला तर रेडिएटरची प्लॅस्टिकची नळीच कडकन मोडली आणि कूलंट सगळं फरशीवर. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. मेहुणे म्हणतात पुट्टी लावा, वरून तार आवळा, काही होत नाही. गाडी विजापूर रोडला घरासमोर उभी आहे, आणि गॅरेजपर्यंत दोन किलोमीटर तशीच नेली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. चालवू नका. ढकला, टोचन लावून न्या, नाहीतर मेकॅनिकलाच घरी बोलवा. "दोनच किलोमीटर, टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवतो" असं मनात येईल. तो काटाच घात करतो.

हे मला माझ्या मारुती 800 ने शिकवलं. जुळे सोलापुरात राहायचो तेव्हा. रविवारी सकाळी स्पार्क प्लग बदलायला बॉनेट उघडलं, पाना हातातून सटकला आणि हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बसला. नळी आधीच गंजलेली, तोंडाशी चीर गेली. मी शहाणा. इपॉक्सीची पुट्टी आणली, दोन रंगांचे गोळे मळले, चिरेवर थापले, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. तासभर इंजिन चालू ठेवलं, एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तुळजापूरला निघालो.

घाटाच्या अलीकडे गाडीची ओढ कमी झाली. वाटलं चढ लागलाय. एक गोडसर वास येत होता, आई म्हणाली कुठेतरी गूळ करतायत. काटा बघितला, निम्म्याच्याही खाली. म्हणजे गाडी थंड! म्हणून दामटली. पुढच्या पाच मिनिटांत इंजिन टकटक करायला लागलं आणि बंद पडलं.

झालं होतं असं की पुट्टी सुटून पाणी कधीच निघून गेलं होतं. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो, तो पाण्याची उष्णता मोजतो, इंजिनच्या धातूची नाही. पाणीच संपलं की तो हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो. इंजिन आतून भाजत असतं आणि डॅशबोर्डवर सगळं आबादीआबाद. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं, त्याच्या खालचं गॅस्केट जळतं. सात रस्त्याकडच्या माझ्या मेकॅनिकने हेड उतरवून लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, पाठवलं. घरात तेलुगू बोलणारा माणूस, आमच्याशी अस्सल सोलापुरी. एवढंच म्हणाला, "काटा काय बघत बसला बे? पाणी बघायचं की." शंभर-दोनशे रुपयांच्या नळीसाठी मी अख्खं हेड उतरवून घेतलं होतं.

आता तुमची नळी. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही: कुठली तुटली? जाड, ज्यावर अंगठ्याएवढ्या भोकाचा होज बसतो ती? की रेडिएटरच्या कॅपच्या (झाकणाच्या) मानेला असलेली बारीक, जिच्यातून पाणी बाजूच्या रिझर्व्ह बाटलीत जातं ती? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बारीक असेल तर मेहुणे चक्क बरोबर आहेत. ती नळी कॅपच्या स्प्रिंगच्या पलीकडे असते, तिच्यावर सततचा दाब नसतो. तिथे आत पितळेची छोटी नळी घालून बाहेरून इपॉक्सी लावली तर वर्षानुवर्षं टिकते. फक्त जोडात हवा शिरता कामा नये, नाहीतर गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जात नाही.

जाड नळी असेल तर पुट्टी विसरा. रेडिएटरच्या कॅपवर एक आकडा असतो, बहुतेक 0.9 किंवा 1.1. तो दाब आहे. सिस्टिम कुठूनही गळत नसेल तर तापलेलं पाणी त्या दाबाखाली असतं, आणि म्हणूनच 0.9 च्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा 100 ला न उकळता 118 अंशांच्या आसपास उकळतं. सुईच्या टोकाएवढी गळती असली तरी हा दाब राहत नाही आणि पाणी आधीच उकळायला लागतं. त्यात तुमच्या रेडिएटरची टाकी काच-तंतू घातलेल्या नायलॉनची असते. त्याला गोंद धड चिकटत नाही, आणि गरम झालं की प्लॅस्टिक एका मापाने फुगतं, पुट्टी दुसऱ्या. माझी पुट्टी तासभर टिकली ती गाडी अंगणात नुसती उभी होती म्हणून. रस्त्यावर दाब आला आणि गेली.

मग करायचं काय, ते तुटलं कुठे यावर आहे. बुडाशी दोन सेंटीमीटर तरी नळी शाबूत असेल आणि चीर खाली उतरली नसेल, तर तुटलेली कड हॅकसॉच्या पात्याने सरळ कापा, पॉलिश पेपरने घासा, नवा होज पूर्ण आत बसवा आणि बुडाच्या बाजूला स्क्रूची क्लिप लावा. नळीच्या तोंडाशी जो कंगोरा होता तो आता गेला, होज निसटू नये म्हणून तोच असतो. त्यामुळे ही दुरुस्ती गावात फिरण्यापुरती. क्लिप आवळताना जोर काढू नका, म्हातारं प्लॅस्टिक दुसऱ्यांदा मोडेल.

बुडातून तुटली असेल तर रेडिएटर काढावाच लागतो. पण नवाच घ्यावा असं नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेली असते. रेडिएटरचं काम करणारे ते दात उघडून टाकी बदलून देतात, आत नवं रबर घालतात. आपल्याकडे ट्रकचा धंदा मोठा, त्यामुळे हे काम करणारे हात सोलापुरात अजून आहेत. मात्र तुमचा मेकॅनिक फसवतोय असंही समजू नका. टाकीचा काळा रंग जाऊन ती तपकिरी, खडूसारखी झाली असेल तर तो खरंच सांगतोय. आज ही नळी मोडली, उद्या समोरची मोडेल. जाळीचे पंख बोटाने चुरचुरत गळत असतील तर नव्या टाकीवर खर्च करणं वाया.

तुटलेले तुकडे मात्र आत्ताच गोळा करून जुळवून बघा. एखादा कमी भरला तर तो होजमध्ये किंवा रेडिएटरच्या आत पडलाय, आणि पुढे कुठेतरी जाऊन पाण्याची वाट अडवेल. हे कुणी बघत नाही.

होज निघत नव्हता तेव्हा काय करायला हवं होतं, तेही सांगून टाकतो, कारण दुसऱ्या टोकाचा अजून काढायचाय. जुना होज नळीला जवळजवळ चिकटून एकजीव होतो. उचकटायचा नसतो. ब्लेडने लांबीत चीर द्यायची आणि केळीच्या सालीसारखा सोलून काढायचा. ब्लेड नळीपर्यंत टेकवू नका, तिथे ओरखडा राहिला तर तिथूनच झिरपतं. होज बदलायचाच आहे, मग त्याचा जीव वाचवायला नळी कशाला मोडायची? नवा बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ते रबर खातं. साबणाचं पाणी पुरे. आणि होज रेडिएटरचाच घ्या. कुणीतरी बागेचा पाइप कापून देईल, उकळत्या पाण्यात तो शेवयांसारखा मऊ होतो.

ज्यांची माझ्यासारखी हीटरकडची नळी तुटली असेल त्यांच्यासाठी जाता जाता. सोलापुरात हीटर कुणाला लागतो? इथली थंडी म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत घातलेला एक स्वेटर. इंजिनकडून हीटरला जाणारी आणि परत येणारी अशी दोन टोकं असतात, ती एका होजने एकमेकांना जोडली की हीटर बाद आणि गाडी चालू. मी पुढे चार वर्षं तशीच वापरली. फक्त दोन्ही टोकांना बूच मारू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप) बंद असताना पाणी याच वाटेने फिरतं. एक तोटा आहे: मे महिन्यात गाडी तापली तर हीटर फुल करून उष्णता बाहेर काढायचा शेवटचा उपाय हातचा जातो.

पाणी भरताना बोअरचं भरू नका. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते प्रत्येक घराने पाहिलंय, तोच पांढरा थर रेडिएटरच्या आत बसतो. बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) आणि घट्ट कूलंट निम्मं-निम्मं. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. जुनं कुठलं होतं माहीत नसेल तर आतलं सगळं साध्या पाण्याने धुऊन काढा, मगच नवं. नुसत्या रंगावरून जुळवू नका.

भरल्यावर हवा काढायची, ही पायरी घाईत सुटते आणि मग "रेडिएटर बदलूनही गाडी तापते" म्हणून लोक परत विचारतात. गाडीचं तोंड चढाकडे करा, कॅप उघडी, हीटरचा नॉब गरमवर, इंजिन सुरू. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल, तसं भरत जा. होज तापून हाताला लागेनासा झाला की थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबले की कॅप लावा आणि पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. यानंतर गरम इंजिनवर कॅप पुन्हा उघडायची नाही, कितीही मोह झाला तरी. माझ्या एका मित्राच्या मनगटावर अजून त्याची खूण आहे.

फरशीवर सांडलेलं कूलंट अजून धुतलं नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ते धुवा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी जाते. लहान मुलांनाही तेवढंच विषारी. वर माती टाकून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा.

पहिले दोन दिवस गाडी गावातच ठेवा, कंबर तलावापर्यंत जाऊन या आणि थंड झाल्यावर पातळी बघा. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर ओला डाग दिसला तर तो बरोबर कुठल्या जोडाखाली आहे ते बघून इथेच लिहा, आणि नळी जाड की बारीक तेही.