फुकटच्या सात रात्रींचा हिशेब

नाशिकच्या एका वाचकाने विचारले आहे की, नाताळच्या सुट्टीत पती-पत्नी आणि दोन मुले असे चौघे अकरा दिवस केरळला जाणार आहेत, त्यांपैकी सात रात्री मुन्नारला काढायच्या हे ठरलेले आहे, तर उरलेल्या तीन रात्री थेक्कडी, अलेप्पी आणि कोवळम यांत कशा वाटाव्यात, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. सात रात्री मुन्नारलाच का, याचे उत्तर पत्रात पुढे ओझरते आले आहे. आठ महिन्यांपूर्वी एका मॉलमध्ये भाग्यवान सोडतीचे कूपन भरल्यावर त्यांना 'भेटवस्तू घ्यायला' जोडीने बोलावले गेले आणि त्या दुपारी त्यांनी, दरवर्षी सात रात्री आपल्या रिसॉर्टमध्ये राहू देणाऱ्या एका सुट्टी-क्लबचे पंचवीस वर्षांचे सदस्यत्व ४ लाख ८० हजार रुपयांना घेतले. साठ हजार रोख भरले आणि ४ लाख २० हजारांचे वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढले. क्लबच्या इतर ठिकाणी नाताळात जागा नाही, मुन्नारला आहे, आणि रात्री वाया जाऊ नयेत म्हणून सातही तिथेच. त्याच वाक्याच्या शेवटी असेही लिहिले आहे की, हप्ता जड जात असल्यामुळे तेरा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठीची दरमहा दहा हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली ठरावीक गुंतवणूक, 'तूर्त' थांबवली आहे.

दिवसांच्या वाटणीकडे मी शेवटी येतो, कारण या पत्रातला खरा प्रश्न तो नाही.

आधी 'फुकट' राहण्याची किंमत पाहू. ४ लाख ८० हजार रुपये सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते, तर वर्षाला सुमारे साडेतेहतीस हजार व्याज आले असते. त्यात जीएसटीसह चोवीस हजारांचे वार्षिक देखभाल शुल्क मिळवले की साडेसत्तावन्न हजार होतात, म्हणजे एका रात्रीचे आठ हजारांहून थोडे अधिक. तुम्हीच लिहिले आहे की, तीच खोली त्याच तारखांना सदस्य नसलेल्याला सात हजारांत मिळते, म्हणजे सात रात्रींचे एकोणपन्नास हजार. ऐन हंगामातली ही स्थिती आहे. शिवाय या हिशेबात मी कर्जाचे व्याज धरलेले नाही, देखभाल शुल्क दरवर्षी वाढणार हे धरलेले नाही, आणि मुदत ठेवीचे मुद्दल शेवटी परत मिळते तर सदस्यत्वाचे मूल्य पंचवीस वर्षांनी शून्य होते, हेही सोडून दिले आहे. विक्रेत्याने याला 'मालमत्ता' म्हटले आणि हवे तेव्हा विकता येईल असे सांगितले. तुम्ही पाठवलेल्या कराराच्या प्रतीत मात्र हस्तांतराला कंपनीची परवानगी आणि वेगळे शुल्क लागेल असे कलम आहे, आणि त्याखालीच, वाचायला भिंग लागेल अशा अक्षरात, तोंडी दिलेली कोणतीही आश्वासने कंपनीवर बंधनकारक नाहीत असेही छापले आहे. ज्यांना आपल्या मालावर विश्वास असतो, ते सही घेण्यासाठी गिऱ्हाइकाला तीन तास बसवून ठेवत नाहीत.

आता हप्त्याकडे वळू. ४ लाख २० हजारांवर १५ टक्क्यांनी ४८ महिन्यांचा हप्ता सुमारे ११,७०० रुपये होतो आणि एकूण फेड ५ लाख ६० हजारांवर जाते. आठ हप्ते भरूनही अजून ३ लाख ६५ हजारांच्या आसपास मुद्दल शिल्लक आहे. मुलीच्या महाविद्यालयाला पाच वर्षे आहेत. एसआयपी आजपासून सुरू ठेवली आणि नऊ टक्के परतावा धरला, तर पाच वर्षांत साडेसात लाख जमतात. तुमची योजना अशी आहे की, कर्ज फिटल्यावर एसआयपी दुप्पट करायची आणि '१५ टक्के मिळाले की भरून निघेल'. कर्ज फिटेपर्यंत चाळीस महिने जातील, हातात वीसच महिने उरतील, आणि दरमहा वीस हजार भरून, तुमचे १५ टक्केही मान्य करून, साडेचार लाख होतात. शिवाय दीड-दोन वर्षांत फीसाठी लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवून १५ टक्क्यांची वाट पाहणे हे नियोजन नव्हे. बाजार त्या वर्षी पडला, तर फी भरण्याची तारीख पुढे ढकलता येणार नाही.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात असे मला वाटते. करारात रद्द करण्याची दहा दिवसांची मुभा होती आणि ती संपली आहे, पण म्हणून सगळे संपत नाही. विक्रीच्या वेळी दिलेली आश्वासने, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि पावत्या जोडून, सदस्यत्व रद्द करून पैसे परत मागणारे पत्र कंपनीला ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पूर्ण रक्कम परत मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही, पण काही कपात करून उरलेले पैसे मिळाले तरी पुढची चोवीस वर्षे देखभाल शुल्काचा ससेमिरा सुटेल.

इथे एक धोका आहे. सदस्यत्व आणि कर्ज हे दोन स्वतंत्र करार आहेत. क्लबवरच्या रागापोटी हप्ता थांबवला, तर क्लबचे काहीही बिघडणार नाही, तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देणारे पाहतात तो पतगुणांक, मात्र घसरेल. हप्ता भरत राहा, किंबहुना तो संपवूनच टाका. तुमच्याकडे सहा लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांवर पडून आहे आणि शेजारीच १५ टक्क्यांचे कर्ज चालू आहे. मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती ते आधी विचारा, आणि ते धरून पावणेचार लाखांत कर्ज मिटत असेल, तर मिटवा. उरलेले सव्वादोन लाख तुमच्या सांगण्याप्रमाणे चार महिन्यांच्या घरखर्चाला पुरतात. मोकळ्या झालेल्या ११,७०० रुपयांतून मुलीची एसआयपी याच महिन्यात पुन्हा सुरू करावी आणि उरलेले सतराशे दरमहा ठेवीत परत टाकावेत.

क्लबमधले मुन्नारचे आरक्षण माझ्या मते रद्द करावे. तुम्ही अद्याप एकही रात्र वापरलेली नाही, ही तक्रारीत तुमची जमेची बाजू आहे. एकदा सातही रात्री राहून आलात की 'सेवा तर उपभोगली' हा मुद्दा कंपनीला आयता मिळेल. दिलेले पैसे वसूल करण्यासाठी सहलीचा आराखडा वाकवण्यातही अर्थ नाही, कारण सात दिवस मुन्नारला राहिल्यावर रोज टॅक्सी लागेल, रोज चौघांचे जेवण रिसॉर्टच्या दराने होईल आणि चौथ्या दिवसापासून मुले चहाचे मळे पाहून कंटाळतील.

सहल अकराऐवजी आठ दिवसांची करा. पहिली रात्र कोचीला, मग मुन्नारला तीन, कारण कोचीहून सव्वाशे किलोमीटरच्या घाटरस्त्यात पहिला दिवस जवळपास संपतो आणि एरविकुलमचे राष्ट्रीय उद्यान आणि मट्टुपेट्टीचे धरण यांना दोन पूर्ण दिवस पुरतात. थेक्कडीला एक रात्र, अलेप्पीला एक, आणि शेवटची परत कोचीला. अलेप्पीची हाउसबोट दुपारी बाराच्या सुमारास मिळते, संध्याकाळी मच्छीमारांची जाळी पडतात म्हणून नांगरून ठेवतात आणि सकाळी नऊला सोडावी लागते, त्यामुळे तिच्यावर दुसऱ्या रात्रीचे भाडे घालवू नये. कोवळम या खेपेस वगळा. अलेप्पीहून ते दीडशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे आणि तुमची परतीची तिकिटे कोचीहून आहेत. हा सगळा खर्च तुम्ही म्हटल्याप्रमाणे बोनसमधूनच करा, आणि बोनस कमी आला तर थेक्कडीची रात्रही कमी करा.