म्हाताऱ्या कुत्र्याला घरी ठेवून हिवाळ्यात कामासाठी फिरतीवर जावं लागतं. त्याची सोय कशी करावी? गोधडी शिवून दिली तर उपयोग होईल का?

गोधडीचा उपयोग होतो, पण निघायच्या आदल्या रात्री पूर्ण करून त्याच्या अंगाखाली घातलीत तर होत नाही. तुम्ही लिहिलंय की कुत्रा बारा वर्षांचा आहे, सकाळी मागचे पाय आखडलेले असतात, रात्री उठून घरभर फिरतो, आणि थंडीच्या महिन्यांत तुम्हाला चार-पाच दिवसांच्या फेऱ्या कराव्या लागतात. माझी कुत्री चिकू त्याच्याहून थोडी मोठी आहे. माझं काम लेखापरीक्षणाचं, त्यामुळे फिरती नेमकी थंडीतच येते. आणि हाताने गोधड्या शिवणं हा माझा जुना नाद आहे. तिन्ही गोष्टी एकत्र सांभाळत आले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आपण जाणार म्हटल्यावर मागे काहीतरी जास्तीचं ठेवून जावंसं वाटतं. नवा बिछाना, नवं खेळणं, जास्तीचा खाऊ. म्हाताऱ्या कुत्र्याला यातलं काही नको असतं. त्याला आजचा दिवस कालच्यासारखा हवा असतो. म्हणून खरी तयारी तुम्ही घरी असतानाच करायची असते: रोजचा दिवस असा लावून घ्यायचा की तुमच्या जागी दुसरं माणूस आलं तरी तो तसाच चालेल. तुमच्याच हातून जेवण्याची, तुमच्याच खाटेवर झोपण्याची, तुमच्या लहरीप्रमाणे फिरायला जाण्याची सवय असेल तर तुम्ही गेल्यावर त्याचं सगळंच एकदम जातं. जेवणाच्या वेळा, फिरण्याचा रस्ता, औषधाची वेळ, झोपायची जागा हे सगळं एका ओळीत बसवा आणि शक्यतो हिवाळा लागायच्या आधी बसवा.

याला कारण आहे. वय झालं की कुत्र्याच्या डोळ्यांतलं भिंग घट्ट होत जातं आणि बुबुळ निळसर-धुरकट दिसू लागतं. हा मोतीबिंदूच असतो असं नाही. बऱ्याचदा दिसतं बऱ्यापैकी, पण जवळचं आणि अंधुक उजेडातलं नीट कळत नाही. कानांचंही तसंच, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. त्यात मेंदूचा थकवा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाचा २००१ मधला एक अभ्यास आहे. त्यात ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत मेंदूच्या वार्धक्याचं किमान एक लक्षण आढळलं होतं. रात्री भटकणं, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहणं, ओळखीच्या माणसाला न ओळखणं, घरात लघवी करणं ही ती लक्षणं. तुमचा रात्री फिरतो म्हणालात, त्यासाठी डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण दुखण्यामुळेही कुत्री रात्री उठतात आणि त्यावर औषध असतं. दोन्हींत घरातली गोष्ट एकच करायची: झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवायचा आणि सामान हलवायचं नाही. आपण नसताना घराची साफसफाई काढू नका, असं घरच्यांना बजावून ठेवा.

आता पाय. थंडीत सांधे आखडतात, उठताना त्रास होतो आणि चार पावलं टाकली की सुटतात, हे संधिवाताचं नेहमीचं रूप. अशा कुत्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू गुळगुळीत फरशी. पाय सरकला की तो उठायलाच घाबरतो, उठला नाही की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की आणखी सरकतो. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांच्यामध्ये न सरकणाऱ्या चटया टाका. तळपायाच्या गाद्यांमधले केस कापा. नखांकडे लक्ष द्या, हिवाळ्यात फिरणं कमी होतं आणि ती झिजत नाहीत. फिरवणं थांबवू नका. एकदा लांब नेण्यापेक्षा थोडं थोडं, दोन-तीनदा न्या आणि पहिली काही मिनिटं त्याच्या चालीने चाला.

दुखणं कमी करण्यासाठी माणसांची गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर उठतं. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी औषधं असतात, पण ती डॉक्टरांनीच रक्त तपासून, वजनाच्या हिशेबाने द्यायची. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपण नसताना घरी असलेलं माणूस मायेपोटीच अर्धी गोळी देऊन बसतं. त्याच मायेने गुडघ्याला लावायचं मलम चोळतं आणि कुत्रा ते चाटतो. मलमातलं औषधसुद्धा तितकंच घातक आहे.

गोधडीबद्दल थोडं जास्त लिहिते, मला ते आवडतं म्हणूनही.

गोधडी ही गादी नव्हे. हाडं वर आलेल्या कुत्र्याला खाली दाट फोम लागतो, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात आणि पुढे जखमा होतात. फोमवर मूठ पूर्ण दाबून पाहा. खालची जमीन लागली तर तो पुरेसा नाही. फोमवर ओल आत न जाऊ देणारं आवरण आणि त्यावर गोधडी. गोधडीने ऊब मिळते, ती धुता येते, आणि तिच्यात घरातला वास मुरतो. ही तिन्ही कामं चांगली होतील अशीच ती शिवायची.

कापड सुती घ्या, वापरून मऊ झालेलं. शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, कारण सुती कापड आणि कापूस पहिल्या धुण्यात आटतात आणि शिवलेली गोधडी आकसून तिला सुरकुत्या पडतात. मी आत कापूस भरत नाही, कापडाचेच तीन-चार थर घालते. हिवाळ्यात गोधडी वाळणं महत्त्वाचं, आणि जाड भरलेली गोधडी आतून ओलसर राहते. थर सपाट पसरून आधी मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे ते सरकत नाहीत. शेवटी ते सगळे उसवून टाका. मग मधून कडेकडे धावदोरा. दोन ओळींत तीन-चार सेंटिमीटरचं अंतर ठेवा. टाका बारीक हवा. शोभेसाठी लांब टाका छान दिसतो, पण कुत्रा झोपण्याआधी जागा उकरतो आणि त्याचं नख लांब टाक्यात अडकतं. म्हाताऱ्याच्या पायाला तेवढा झटकाही पुरे होतो. गाठी थरांच्या आत ओढून घ्या. कोपरे गोल करा आणि कडेचा गोट पातळ ठेवा, कारण पाय फरफटत चालणारा कुत्रा जाड कडेला अडखळतो. गोंडे, बटणं, लेस, आरसे काही लावू नका. आकार म्हणाल तर तो अंग ताणून आडवा झाल्यावर चारी बाजूंना वीतभर उरेल एवढा.

एक सोडून दोन गोधड्या शिवा. हे सगळ्यांत उपयोगाचं. दोन्ही आलटून पालटून वापरायच्या आणि दोन्ही एकाच वेळी कधीच धुवायच्या नाहीत, म्हणजे ओळखीच्या वासाची एक नेहमी त्याच्या अंगाखाली राहते. एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १२ कुत्र्यांना शांत पडून राहायला शिकवून, त्यांच्या मेंदूची चित्रं घेत, त्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा. आनंदाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सगळ्यात जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि ते माणूस त्या वेळी समोरही नव्हतं. म्हणून मी शिवताना गोधडी मांडीवर घेते आणि पूर्ण झाल्यावर काही रात्री स्वतः अंगाखाली घेऊन झोपते. मग ती चिकूची. धुताना कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्यं वापरू नका. वास बदलतो आणि सुती कापड ओल कमी शोषतं. धुण्याआधी कोरडी असतानाच झटकून केस काढा, ओले केस कापडाला चिकटून बसतात.

शिवणाऱ्या घरात कुत्रा असेल तर सुई-दोऱ्याचा धाक हवाच. गिळलेला दोरा जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकतो, बाकीचा आतड्यात पुढे जात राहतो, आणि आतडं दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होऊन आतून कापलं जाऊ शकतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. बैठक संपली की मी सुया मोजून डबीत टाकते आणि जमिनीवरून लोहचुंबक फिरवते. दोरे ओवलेली सुई कापडात टोचून ठेवून उठायचं नाही, फोन आला तरी. आणि तुमच्या कुत्र्याला कापड चावून गिळण्याची सवय असेल तर गोधडीचा विचारच सोडा, साधी चिवट चादर बरी.

उबेसाठी गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा तक्क्या त्याच्यापाशी ठेवून कुणी घराबाहेर जाऊ नये. चटका बसू लागला तरी ज्याला पटकन उठता येत नाही, तो भाजतो. ओल आणि वारा नसलेली जागा, जमिनीपासून थोडी उंच, हे पुरतं.

आता माणूस. माझ्या मते बारा वर्षांच्या कुत्र्याला पाळणाघरात ठेवण्यापेक्षा माणसाने घरी येऊन राहावं. जागा, वास, फरशी, दार हे तरी तेच राहतं. त्या माणसाला निदान दोन-तीन आठवडे आधीपासून बोलवा. आधी तुमच्यासोबत, मग तुम्ही तासभर बाहेर, मग एक रात्र. त्याच्या हातून औषध घेतो की नाही हे तुम्ही घरी असतानाच कळलं पाहिजे. ऐकू कमी येत असेल तर मागून येऊन हात लावू नका, जमिनीवर पाऊल थोडं आपटून मग समोरून या, हेही सांगून ठेवा.

कागदावर लिहून द्या आणि तो कागद भिंतीला लावा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि डोस चुकला तर काय करायचं. कुत्र्याचं वजन. चॉकलेट, मनुका, कांदा आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ देऊ नयेत, ही सूचना. गाढ झोपेत मिनिटाला श्वास किती, तो आकडा. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास सहसा ३० च्या खाली असतो. तुमच्याचा नेहमीचा आकडा आधी स्वतः काही रात्री मोजून ठेवा. तो सतत ३० च्या वर जाऊ लागला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. पाणी किती पितो यावरही लक्ष ठेवायला सांगा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर ते जास्त आहे, मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासावा लागतो.

आणखी एक कागद डॉक्टरांकडे. तुमच्याशी संपर्क झाला नाही तर निर्णय कोण घेईल, खर्च कुठपर्यंत करायचा, शस्त्रक्रियेला तुमची संमती आहे की नाही. हे लिहिताना हात जड होतो, मला माहीत आहे. पण तो निर्णय रात्री दोन वाजता तुमच्या शेजाऱ्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि कुत्र्यावरही.

हिवाळ्यात धुकं किंवा बर्फ पडलं की गाड्या आणि विमानं अडकतात. चार दिवसांसाठी जात असाल तर औषध आणि खाणं आठवड्याचं ठेवा, आणि येणाऱ्या माणसाला आधीच विचारा की आणखी दोन दिवस थांबता येईल का. शक्य असेल तेव्हा कामाच्या दोन जागा एका फेरीत जोडण्यापेक्षा मध्ये घरी येऊन जावं, असं मला वाटतं. प्रवास वाढतो, पण कुत्र्यासाठी दोन लहान गैरहजेऱ्या एका लांब गैरहजेरीपेक्षा सोप्या जातात, चिकूबाबत तरी हाच अनुभव आहे. फोनवरून चिकूला आवाज ऐकवायच्या फंदात मी पडत नाही. आवाज येतो, माणूस दिसत नाही, वास नाही. ती उठून दारापर्यंत जाते आणि तिथेच थांबून राहते. त्यापेक्षा रोज रात्री त्या माणसाकडून चार गोष्टी विचारून घ्या: खाल्लं का, शू-शी झाली का, उठताना त्रास कितपत, रात्री किती वेळा उठला.

माझ्या बॅगेत मात्र ठिगळं असतात. मुक्कामाच्या खोलीतल्या संध्याकाळी लांबलचक असतात आणि हातात सुई असली की घरची काळजी जरा आवरते. लहान चौकोन जोडायला फारशी जागाही लागत नाही. विमानाने जात असाल तर सुई-कात्रीचे नियम निघण्याआधी पाहून घ्या.

परत आल्यावर पहिल्या दिवशी त्याला लांब फिरवू नका आणि लाडाने जास्त खाऊही घालू नका. भेटण्याच्या आनंदात तो झेपत नसताना उड्या मारतो आणि दुसऱ्या दिवशी लंगडतो. तुम्हीच खाली बसा, म्हणजे त्याला उठावं लागणार नाही. मग वजन करा आणि आधीच्या आकड्याशी ताडून पाहा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. त्याने खाणं सोडलं असेल, नवं औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा झोपेतला श्वास वाढला असेल तर त्या आठवड्याची फेरी पुढे ढकला, आणि वरिष्ठांना कारण खरं सांगा. मी सांगत आले आहे. बहुतेक वेळा तारीख बदलून मिळते, आणि जिथे मिळाली नाही तिथे मी सहकाऱ्याशी फेरी बदलून घेतली.