खाण येणार म्हणून जमीन आत्ताच विकावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहता. भरूच जिल्ह्यात तुमची आणि भावाची मिळून वडिलोपार्जित सहा विघे (विघा हे गुजरातेतलं जमिनीचं माप) जमीन आहे. गावाजवळ लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) ओपनकास्ट, म्हणजे उघड्यावर खणायची खाण प्रस्तावित आहे, जनसुनावणीची (लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या सभेची) नोटीस लागली आहे आणि गाव अस्वस्थ आहे. एक दलाल विघ्याला ७ लाख देतो म्हणतोय, म्हणजे एकूण ४२ लाख. त्यातले १८ लाख चेकने, बाकी रोख. भाऊ म्हणतो विकून मोकळं होऊ, आणि तुम्हाला डॉक्टर लेकीच्या स्वतःच्या दवाखान्यासाठी १५ लाख हवे आहेत.

सही करू नका. निदान तुमचा सर्व्हे नंबर खाणीच्या हद्दीत येतो की नाही हे कळेपर्यंत तरी नाही.

हद्दीच्या आत असाल आणि जमीन संपादित झाली, तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. आसपासच्या गेल्या तीन वर्षांतल्या विक्रीच्या दस्तांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी किंवा जंत्री (सरकारी दर), यांपैकी जे जास्त तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक लागतो आणि आलेल्या रकमेइतकंच सोलेशियम (सक्तीने जमीन गेल्याबद्दलची जादा रक्कम) वर मिळतं. दलालाच्या दस्तावर चेकचेच १८ लाख, म्हणजे विघ्याला फक्त ३ लाख दिसणार आहेत. तोच भाव धरला तरी गुणक १ असेल तर ३६ लाख होतात, २ असेल तर ७२ लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे. या कायद्याखालची भरपाई आयकरमुक्त आहे. उशिराच्या व्याजावर मात्र कर लागतो. दलालाला घाई का आहे ते यातून दिसतं. कंपनी उद्या थेट खरेदीला आली, तरी बोलणी याच आकड्यापासून सुरू करा.

रोखीचे २४ लाख तर मनातूनच काढून टाका. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो. आणि तुमचा विघ्याला ३ लाखांचा दस्त उद्या गावातल्या इतरांच्या भरपाईच्या हिशोबात जाऊन बसेल. तुमच्या शेजाऱ्यांचं नुकसान तुमच्या सहीने व्हावं, असं तुम्हाला नक्कीच वाटणार नाही.

खरी काळजी हद्दीच्या बाहेर, पण अगदी लागून असण्याची आहे. तिथे संपादन नाही म्हणून ती भरपाईही नाही, आणि त्रास मात्र सगळा. लिग्नाइट काढायचं तर वरची माती आधी उपसावी लागते, खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून पंप सतत चालतात, आणि आजूबाजूच्या विहिरी व बोअरचं पाणी खाली जातं. ऊस-कापसाच्या जमिनीचं मोल पाण्यावर आहे. तुमची जमीन या पट्ट्यात निघाली तर मीच म्हणेन विका, पण पूर्ण रक्कम बँकेतून घेऊन. आणि सगळी विकू नका. गुजरातेत बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. तुमची ही एकच जमीन असेल तर थोडा भाग तरी दोघांच्या नावावर राहू द्या, म्हणजे खातेदारपण टिकेल.

हद्द कशी कळेल? पर्यावरण अहवालाचा मसुदा आणि त्याचा गुजराती सारांश सुनावणीआधी कलेक्टर कचेरीत आणि जिल्हा पंचायतीत बघायला ठेवावा लागतो. तलाट्याकडून ताजा ७/१२ आणि ८-अ घ्या आणि त्यातला नंबर अहवालातल्या नकाशाशी ताडून पाहा.

भाऊ म्हणतो की हरकत घेतली तर भरपाई कमी होते. ताई, असा कुठलाही नियम नाही. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने आलेले अधिकारी घेतात, चित्रीकरण होतं, लेखी म्हणणंही स्वीकारतात. पण सुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरी लागत नाही. गाव घरी बसलं तरी ती झाली असंच धरतात. म्हणून दोघांनीही जा. आपल्या विहिरीची आजची पाणीपातळी मोजून, तारखेसह लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे पाणी आटलं तर हाच कागद हातात असेल.

तुमचा भागियाही (वाट्याने शेत कसणारा) सोबत असू द्या. ७/१२ वर त्याचं नाव नसलं, तरी तीन वर्षं तिथे राबून त्यावरच पोट चालत असेल तर कायद्याने तोही बाधित कुटुंबात येतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

आता दवाखाना. खाणीचे प्रस्ताव वर्षानुवर्षं रेंगाळतात. मध्य प्रदेशात बक्सवाहाच्या हिऱ्यांच्या खाणीतून मूळ कंपनी २०१७ मध्ये बाहेर पडली, २०१९ मध्ये नवा लिलाव झाला आणि २०२१ मध्ये हायकोर्टाची स्थगिती आली. लेकीचं काम अशा तारखांवर टांगू नका. तुमच्या २२ लाखांच्या एफडीतून ६ लाख काढा, उरलेल्या ९ लाखांचं कर्ज लेकीच्या नावावर घ्या; डॉक्टरांना बँका देतात आणि व्याज तिच्या व्यवसायाच्या खर्चात धरता येतं. दलालाला एवढंच सांगा की भाऊ-बहीण सुनावणीनंतर बोलतील.