वाचकांचे प्रश्न : आयरिश तबकड्या नव्या रूपात

प्रश्न : आयरिश वादक मायकल कोलमनचे एकच फिडलवादन (फिडल म्हणजे व्हायोलिन) माझ्याकडे दोन संग्रहांत आहे. एकात रील, म्हणजे जलद नाचाची धून, पांढरी दोनमध्ये ऐकू येते, दुसऱ्यात काळी दोनमध्ये. दुसऱ्यात लयही चढी वाटते. खरे कोणते मानायचे?

उत्तर : पट्टी आणि लय दोन्ही एकदम चढल्या आहेत, म्हणजे फरक तबकडी फिरवण्याच्या वेगाचा आहे. कोलमन (1891–1945) मूळचा आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातला. त्याच्या तबकड्या 1921 पासून न्यूयॉर्कमध्ये निघाल्या, आणि त्या काळी मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा बराचसा नावापुरता असे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र मिनिटाला 74 फेऱ्यांनी चालले असेल आणि आपण तबकडी 78 ने वाजवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर जातो. मिनिटाला 112 ठोक्यांची रील 118 वर जाते आणि नाचणाऱ्याची दमछाक होईल अशी वाटू लागते.

मात्र काळी दोन ऐकू आली की ती चूकच, असे धरू नका. फिडलच्या तारा अर्धा स्वर चढवून वाजवण्याची पद्धत आयरिश वादकांत आहे, आणि साथीचा पियानोवाला पट्टी बदलू शकतो. म्हणून एकाच तबकडीवर निकाल देता येत नाही. आधी मॅट्रिक्स क्रमांक बघावा, म्हणजे लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच बैठकीचे, एकाच यंत्रावरचे असतात. त्यांतल्या एखाद्या बाजूवर अकॉर्डियन (गळ्यात अडकवायची भात्याची पेटी) असेल तर उत्तमच, कारण त्याचे सूर वादकाला जागेवर बदलता येत नाहीत. ते वाद्य ज्या वेगाला नीट सुरात येते, तोच वेग शेजारच्या फिडललाही लावावा.

दुरुस्ती संगणकावर करणार असाल तर ‘वेग बदला’ ही सोय वापरा. नुसती पट्टी बदलणारी सोय लय तशीच ठेवते, म्हणजे अर्धी चूक शिल्लक राहते. अर्धा स्वर खाली आणायला वेग 5.6 टक्के कमी करावा लागतो, वर न्यायला 5.95 टक्के वाढवावा लागतो. इथे बरेच जण दोन्हीकडे 6 टक्के धरतात आणि मग सूर किंचित हलतो. शेवटी बाजूचे पहिले आणि अखेरचे आवर्तन लागोपाठ ऐका. मुद्रणाच्या वेळी यंत्राचा वेग हळूहळू ढळला असेल, तर तीन मिनिटांत सूरही सरकलेला सापडतो. अशा वेळी एकच आकडा साऱ्या बाजूला लावून भागत नाही.

कोलमनसाठी हॅरी ब्रॅडशॉ यांनी सिद्ध केलेला, 1992 साली निघालेला दोन भागांचा संच आधी ऐकावा.

प्रश्न : ‘पूर्ण स्वच्छ’ म्हणून घेतलेल्या नव्या आवृत्तीत बँजो पाण्याखालून वाजल्यासारखा का येतो?

उत्तर : साफसफाई जास्त झाली म्हणून. ओरखड्याचा ‘टक्’ आणि बँजोच्या तारेवर पडणारा नखीचा आघात, दोन्ही काही हजारांश सेकंदांचे आणि टोकदार. टकटक काढणारी प्रणाली जास्त कडक लावली, की ती आघातालाही ओरखडा समजून पुसते. सर्वांत आधी बळी जातात ते ट्रेबल, म्हणजे एका सुरावरचे तीन झटपट आघात. फिडलवर गजाने घेतलेल्या ट्रेबलचेही तेच होते. खरखर काढताना वरचे सूरच कापले, तर फ्लूटमधला श्वासही जातो. 1925 च्या सुमारास विद्युत मुद्रण आले. त्याआधीच्या कर्ण्याच्या मुद्रणात वरचा भाग मुळातच तोकडा. उरलेलाही कापला तर वाद्य ओळखू येत नाही.

पारखायची रीत सोपी आहे. स्वतः साफ करत असाल तर फक्त काढून टाकलेला आवाज वाजवून बघा. बऱ्याच प्रणालींत ती सोय असते. त्या कचऱ्यात रीलचा ठेका ऐकू आला, तर संगीत बाहेर चालले आहे. तिथेच हात आवरा. विकतच्या आवृत्तीत शेवटच्या सुराकडे कान द्या. सूर विरता विरता खरखरही त्याच्याबरोबर गडप होत असेल, तर कात्री जोरात चालली आहे. थोडी खरखर एकसारखी राहिलेली केव्हाही बरी. कान तिला दोन मिनिटांत सरावतो. पुसलेला आघात मात्र परत आणता येत नाही.

प्रश्न : जुनी 78 ची तबकडी घरी वाजवताना काय सांभाळावे?

उत्तर : एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची, सुई लावू नका. ती सुमारे 25 मायक्रॉनची असते आणि रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घासत जाते. 78 साठी साधारण 75 मायक्रॉनची सुई आणि 3 ते 5 ग्रॅम भार हवा. जोडणी मोनो करा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करा. सुईच्या उभ्या हालचालीचा गोंगाट बराचसा तिथेच मिटतो. धुवायला पाणी आणि थेंबभर सौम्य साबण पुरे, लेबल कोरडे ठेवून. स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते.

प्रश्न : सुरुवात कोणत्या संचापासून करू?

उत्तर : गेल लिन या आयरिश संस्थेने 1957 ते 1961 मध्ये काढलेल्या 78 च्या तबकड्या 2004 साली ‘शोल्टी शेट्ये’ या संचात एकत्र आल्या. त्यात गाणे आणि वाद्य दोन्ही आहे. पाइप्सची (भात्याने वाजणाऱ्या आयरिश सुषिर वाद्याची) गोडी असेल तर 1959 ची लिओ राउसमची एलपी घ्या. क्लॅडा कंपनीची ती पहिलीच.