व्होल्टेज बरोबर, तरी बोर्ड चालेना

प्रश्न : स्वतः डिझाइन केलेला ५ व्होल्टचा सप्लाय बोर्ड सोल्डर करून झाला. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड तपासायच्या बीप रेंजवर) लावला तर बीप वाजतो. सप्लाय द्यावा का?

उत्तर : अजून नको. पण बीप वाजला म्हणजे शॉर्टच, असेही नाही. मोठे कपॅसिटर चार्ज होईपर्यंत मीटर क्षणभर ओरडतो, शिवाय बरेच मीटर वीस-तीस ओहमलाही बीप देतात. तेव्हा आवाज सोडा, ओहमच्या रेंजवर आकडा पाहा. चढत गेला तर कपॅसिटर. एका ओहमच्या आत अडकून बसला तर शॉर्ट.

मग आउटपुटच्या ट्रॅकवर बेंच सप्लायने थेट वीज द्या : १ व्होल्ट, करंट लिमिट १ अँपिअर. मीटर मिलिव्होल्टवर, काळा प्रोब सप्लायच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब ट्रॅकवरून सरकवत न्या. शॉर्टकडे जाताना आकडा उतरतो, तो ओलांडला की उतरायचा थांबतो. समजा ३८, ३१, २४ आणि पुढे २४, २४ असे आले, तर पहिला २४ आला तिथे भिंग धरा. बहुधा दोन पायांमध्ये सांडलेले सोल्डर किंवा तडकलेला सिरॅमिक कपॅसिटर सापडतो. अल्कोहोल लावून कुठे आधी सुकते ते पाहण्याची युक्तीही चालते, पण शॉर्टमध्येच थोडा रेझिस्टन्स असेल तरच. पक्क्या शॉर्टमध्ये ती जागा तापतच नाही.

प्रश्न : १२ व्होल्टवरून ७८०५ या रेग्युलेटर आयसीने ५ व्होल्ट घेतो. मीटरवर ५.०२ येतात. अर्धा अँपिअर लोड लावला की थोड्या वेळाने बंद पडते, मग आपोआप सुरू होते. आयसी बदलला, तरी तेच.

उत्तर : आयसी बिचारा निर्दोष आहे. १२ मधून ५ गेले, उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.५ अँपिअर, म्हणजे ३.५ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय टीओ-२२० पॅकेज (७८०५चे नेहमीचे आवरण) दर वॉटमागे साधारण ६५ अंशांनी तापते. हिशेब सव्वादोनशे अंशांच्या वर जातो. त्याआधीच आयसी थर्मल शटडाउन घेतो, म्हणजे फार तापला की स्वतःच बंद होतो. हीटसिंक लावा, नाहीतर बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारे सर्किट) वापरा. आणि लोडशिवाय आलेल्या ५.०२ ला परीक्षा म्हणू नका. १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडून अर्धा तास चालवा, मग मोजा.

प्रश्न : बक कन्व्हर्टरच्या आउटपुटवर स्कोपमध्ये (ऑसिलोस्कोपवर) ३०० मिलिव्होल्टचे काटे, म्हणजे क्षणिक उसळ्या, दिसतात. कपॅसिटर वाढवूनही कमी होत नाहीत.

उत्तर : प्रोबच्या ग्राउंडची लांब वायर अँटेनासारखी वागत असणार. खात्री करा : प्रोबचे टोकही त्याच ग्राउंडला टेकवा, जिथे क्लिप लावली आहे. काटे तरीही दिसले तर त्यातले बरेचसे आउटपुटवर नाहीतच. क्लिप काढून ग्राउंड स्प्रिंग (प्रोबच्या टोकाजवळ बसणारी आखूड ग्राउंड तार) लावा, स्कोपची २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट (त्याहून वेगवान गोंगाट गाळणारी) चालू करा आणि आउटपुट कपॅसिटरच्या दोन टोकांवरच मोजा.

प्रश्न : एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्स बाजूला स्कोप लावू का?

उत्तर : साध्या प्रोबने मुळीच नाही. त्याची क्लिप अर्थला जोडलेली असते आणि २३० व्होल्टच्या मेन्सवर ती बाजू ३२५ व्होल्टपर्यंत जाते. क्लिप लावताच स्फोट. डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या. स्कोपची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग असतात, मग तो व्होल्टेज स्कोपच्या धातूच्या भागांवरच येतो. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटर चार्ज राहू शकतो. हात लावण्याआधी मीटरने बघा.